'फेमिसाइड'साठी 'स्त्रीहत्या' चालेल का?

प्रश्न : एका अनुवादात 'फेमिसाइड'ला, म्हणजे बाई आहे म्हणून केलेल्या खुनाला, मी 'स्त्रीहत्या' लिहिलं. संपादकांनी शेरा मारला, "मेली ती स्त्री होती, एवढंच कळतं." मग काय लिहावं?

उत्तर : शेरा योग्य आहे. 'स्त्रीहत्या' हा ब्रह्महत्या, गोहत्या, बालहत्या यांच्या पंगतीतला शब्द. त्यात मारणाऱ्याला लागणाऱ्या पापाचा विचार आहे, ती का मारली गेली याचा नाही. दरोडेखोराच्या गोळीनं वाटेवरची बाई गेली, तरी स्त्रीहत्याच. फेमिसाइडमध्ये 'का' हाच गाभा : नकार दिला, सोडून निघाली, घराण्याच्या अब्रूला बट्टा लावला. १९७६ साली ब्रुसेल्सला स्त्रियांवरील गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायासन भरलं होतं. तिथे स्त्रीवादी लेखिका डायना रसेल यांनी हा शब्द वापरला, कारण 'होमिसाइड' (मनुष्यवध) म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

आणखी एक : स्पॅनिशमध्ये नेमकी हीच अडचण आली होती. 'फेमिसिडिओ' म्हटलं की नुसता 'बाईचा खून' असा अर्थ निघे. म्हणून मेक्सिकोच्या मानववंशशास्त्रज्ञ मार्सेला लगार्दे यांनी 'फेमिनिसिडिओ' रूढ केला आणि त्यात सरकारची बेपर्वाईही आणली. मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेस शहरात बायका नाहीशा होत, आणि पोलीस 'गेली असेल मित्राबरोबर' म्हणून घरच्यांना वाटेला लावत. २००१ साली तिथल्या कापसाच्या शेतात आठ प्रेतं सापडली. त्यांतल्या तिघींच्या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं २००९ मध्ये मेक्सिको सरकारलाच जबाबदार धरलं. मराठी शब्दात एवढं सगळं मावणार नाही, पण अनुवादकाला ते ठाऊक हवं.

शंका : पण खून तर पुरुषांचेच जास्त होतात ना?

उत्तर : होतात, जगभरातल्या बळींत सुमारे ८० टक्के पुरुष. फरक मारणारा कोण, यात आहे. २०२३ साली सुमारे ८५,००० स्त्रिया व मुलींचे हेतुपुरस्सर खून झाले, त्यांतले ५१,१०० जोडीदारानं किंवा घरच्यांनी केले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. म्हणजे दहांतले सहा. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास.

सूचना : 'स्त्रीद्वेषी हत्या' कसा वाटतो?

उत्तर : मला पटत नाही. मारणारा बहुधा द्वेष कबूल करत नाही, 'जीव होता तिच्यावर' म्हणतो. मुळात असते ती मालकी. आपले मथळे तर 'एकतर्फी प्रेमातून खून' असं बिनदिक्कत छापतात, म्हणजे आरोपीचा बचाव वार्ताहरच मांडून मोकळा! इटलीत अब्रूपायी बायको, मुलगी किंवा बहीण मारणाऱ्याला कायद्यानंच शिक्षेत मोठी सूट होती, ती १९८१ साली रद्द झाली. मथळ्यांतली सूट अजून चालूच आहे. 'स्त्रीत्वहत्या' तर नकोच, तो कवितेतला वाटतो.

माझं मत : ललित किंवा वैचारिक लेखात 'बाई म्हणून केलेला खून' असं सरळ लिहावं, लांब आहे, पण अर्थ पक्का. कायद्याच्या मजकुरात 'फेमिसाइड' तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे त्या देशाची व्याख्या द्यावी. व्याख्या सारख्या नाहीत : कोस्टा रिकाच्या २००७ च्या कायद्यात गुन्हा पत्नी किंवा सहजीवनातल्या जोडीदारापुरता होता, मेक्सिकोच्या २०१२ च्या तरतुदीत अनोळखी मारेकरीही येतो. एकच मराठी शब्द दोन्हीकडे चिकटवला तर वाचक फसेल.

प्रश्नकर्ता : माझा मजकूर कोस्टा रिकाचाच आहे. व्याख्या तळटीपेत टाकतो.

उत्तर : तळटीप कोण वाचतं? वाक्यातच घाला.