रमाईच्या जयंतीला माईसाहेबांचा फोटो लावायचा की नाही?

वेदगंगेकाठचा
निपाणीजवळचं आमचं गाव. 7 फेब्रुवारीच्या रमाई जयंतीची मीटिंग काल विहारात झाली. फ्लेक्सवर कन्नड वर की मराठी वर, यात दरवर्षी तासभर जातो. यंदा ते पाच मिनिटांत मिटलं (कन्नड वर, परवानगीसाठी खेटे कोण घालणार). मग मी म्हटलं, बाबासाहेबांच्या एका बाजूला रमाई आहेतच, दुसऱ्या बाजूला माईसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांचाही फोटो घेऊ. झालं! दोघं जण तिथूनच चपला घालून चालते झाले.

माझं म्हणणं इथं नीट मांडतो. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत बाबासाहेबांचं माईसाहेबांशी लग्न झालं तेव्हा बाबासाहेबांना मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं घेरलं होतं. त्यापुढच्या आठ वर्षांत घटना पूर्ण झाली, हिंदू कोड बिलाची लढाई झाली, 1951 चा कायदेमंत्रिपदाचा राजीनामा झाला, धम्माचा ग्रंथ लिहून झाला. त्या थकलेल्या देहाचं पथ्यपाणी, औषधं, इंजेक्शनं ग्रँट मेडिकल कॉलेजातनं शिकलेल्या डॉक्टरीणबाईनं सांभाळली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांच्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली तीही त्यांनीच. एका फ्लेक्सवर त्यांना वीतभर जागा देता येत नाही?

खडकलाटकर
जय भीम. जागेचा प्रश्नच नाही दादा. जयंती कुणाची आहे? रमाईची. तुमच्या आईच्या वाढदिवसाला तुम्ही सावत्र आईचा फोटो लावाल का? वर्षाला एक दिवस त्या माऊलीच्या वाट्याला येतो, त्यातही वाटेकरी आणताय. दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या उचलणाऱ्याची ती पोर. भायखळ्याच्या मार्केटात रात्री लग्न लागलं, खाली मासळीचं पाणी. पाचांतली चार लेकरं मातीत घातली. नवरा परदेशी शिकतोय आणि इकडं शेण वेचून गोवऱ्या थापतेय. हे सोसलेलं बाईमाणूस आणि दिल्लीच्या बंगल्यात आलेली बाई, दोन्ही एका मापानं मोजायची?

वखारीतली नात
माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत होती. संध्याकाळी आली की अंगाचा दर्प आंघोळीनं जात नसे. रमाईचं गाणं लागलं की ती पदर डोळ्याला लावायची, ते मला कळतं. त्यामुळं खडकलाटकर अण्णा, तुमच्या भावनेवर माझा काही आक्षेप नाही.

पण एक विचारते. आपल्या व्याख्यानांत रमाई रडण्यापलीकडं कधी काय करतात? 1928 साली मुंबईत आपल्या बायकांची संघटना निघाली, तिच्या अध्यक्ष रमाई होत्या. हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं, आपल्या स्टेजवर एकदाही ऐकलं नाही. धारवाडची गोष्ट तेवढी सांगतात. वराळेंच्या वसतिगृहातल्या पोरांना खायला नाही म्हटल्यावर त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. तीही 'त्याग' म्हणून. अहो, वसतिगृह बंद पडू नये म्हणून बाईनं स्वतःच्या डोक्यानं घेतलेला तो निर्णय होता. सोसणारी बायको आपल्याला चालते, काम करणारी दिसली की आपण जरा चाचरतो. माईसाहेबांच्या बाबतीत तेच होतंय असं मला वाटतं.

दूधगंगा_77
काम वगैरे ठीक. शेवटच्या रात्रीचं काय? 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, तेव्हा काय झालं याचं उत्तर अजून समाजाला मिळालेलं नाही. माझे वडील मरेपर्यंत माईसाहेबांचं नाव घेत नव्हते.

वेदगंगेकाठचा
@दूधगंगा, उत्तर मिळालंय, आपल्याला ते आवडलं नाही. केंद्र सरकारनं चौकशी केली होती, मृत्यू नैसर्गिक असाच निष्कर्ष निघाला. आणि स्वतः बाबासाहेबांनी काय लिहून ठेवलंय ते बघा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी 15 मार्च 1956 ला त्यांनी प्रस्तावना लिहिली. डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत म्हणत होते, ती पुन्हा पेटली ती पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळं, असं त्यात आहे. 1957 ला ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती छापून लोकांसमोर यायला 1980 उजाडलं. तोपर्यंत तुमच्या-माझ्या वडिलांची मतं पक्की झालेली होती.

खडकलाटकर
मग 1940 च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथाची अर्पणपत्रिकाही वाचा की! रमाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. तिथं 'रामू' असं लिहिलंय. तिच्या मनाचा मोठेपणा, शील, आणि आपल्यासोबत हालअपेष्टा सोसण्याची तयारी, सगळं लिहिलंय. बाबासाहेबांनीच कुणाला कुठं ठेवायचं ते ठरवलंय.

वखारीतली नात
त्यांनी दोघींनाही लिहून ठेवलंय अण्णा. ती एक अर्पणपत्रिका, ही एक प्रस्तावना. तुम्ही एकच पान उघडताय.

बेळगावी कुंदा
काय भांडूलासा रे फोटोवरनं! आमच्या गल्लीत तर फ्लेक्सवर बाबासाहेब कोपऱ्यात, आणि मध्ये तीन नगरसेवक, दोन इच्छुक नि एक इच्छुकाची बायको. तिच्या नावापुढं 'समाजसेविका'. रमाई कुठंच नाहीत. आधी ते काढा की.

दूधगंगा_77
😀 हे मात्र खरं.

तरी माझा मुद्दा राहतोच. चौकशीचा कागद काहीही म्हणो, समाजानं जवळपास पिढीभर त्या बाईंना दूर ठेवलं, ते काय उगाच?

सौंदलग्याची सून
मी कधी लिहीत नाही, आज राहवत नाही. 'समाजानं दूर ठेवलं ते उगाच का' हा काय युक्तिवाद झाला? समाजानं दूर ठेवलंय हाच दोषाचा पुरावा असेल तर आपल्या आज्जा-पणज्यांबद्दल काय म्हणायचं? त्यांनाही गावानं दूरच ठेवलं होतं की. 1925 च्या एप्रिलात आमच्या निपाणीत बाबासाहेब बहिष्कृत परिषदेला आले, त्या परिषदेच्या नावातच सगळं आलं.

माईसाहेब जातीनं ब्राह्मण होत्या, खरी अडचण तिथं आहे. उघड कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. नवरा गेल्यावर विधवेकडं संशयानं बघायचं, ही जुनी चाल आपण दीक्षेबरोबर टाकून दिली नाही. पुढं दलित पँथरच्या पोरांनी त्यांना परत चळवळीत आणलं, त्यांना बरं कळलं. 1990 ला राष्ट्रपतींच्या हातून बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनीच घेतलं, ते आपण घराघरांत लावलेल्या टीव्हीवर बघितलं. तेव्हा कोण चपला घालून उठलं होतं?

खडकलाटकर
अक्का, तुमचं जातीचं बोलणं मला लागलं. माझ्या मनात ते नाही असं छातीठोक सांगू शकत नाही. पण 7 फेब्रुवारीला नको, एवढं मी धरून आहे. त्या दिवशी आमच्या आईला एकटीला राहू दे. माईसाहेबांची जयंती 27 जानेवारीला असते ना? वेगळी करा, वर्गणी मी पहिली देतो.

वेदगंगेकाठचा
हे कमिटीपुढं ठेवतो. वर्गणीचा आकडा इथंच सांगून टाका, मागाहून नको.

खडकलाटकर
501.

बेळगावी कुंदा
27 ते 7, मध्ये दहा-अकरा दिवस. मंडप एकदाच घातला तर मंडपवाला सगळ्या दिवसांचं भाडं लावणार, दोनदा घातला तर मजुरी डबल. आधी त्याला विचारा.