कोची : काय खाल्लं, काय पाहिलं? तुमचे अनुभव लिहा

डिसेंबरात आईबाबांना घेऊन कोचीला जातोय. मुन्नार-अलेप्पीच्या पॅकेजात कोचीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो, आणि एवढ्या जुन्या बंदरावर तो अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून यावेळी मुक्काम तिथेच. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीत तुम्ही स्वतः जे पाहिलं-खाल्लं ते लिहा. बाबा शाकाहारी आहेत.

* * *

एर्नाकुलमला उतरलात तर पलीकडे फोर्ट कोचीला पाण्यावरूनच जा. हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रो मिळते, साधी सरकारी बोटही आहे. तिथल्या किनाऱ्यावरची मासे धरायची मोठी चिनी जाळी सकाळी लवकर बघा. सगळे जाळ्याचा फोटो काढतात. तुम्ही मागे टांगलेले दगड बघा. त्यांचे दोर कमीजास्त लांबीचे असतात. चार-पाच माणसं दोर ओढतात, जाळं वर येऊ लागतं, तसतसा एकेक दगड खाली टेकत जातो आणि तोल सांभाळला जातो. मासे थोडेच येतात, पण ते बघत मी बराच वेळ उभा होतो.

तिथेच मासे घेऊन शेजारी शिजवून मिळतात. आम्हाला एका ठिकाणी आधी एक भाव सांगितला आणि बिलात भलताच लावला. माशाचे किती आणि शिजवायचे किती, हे वजन करतानाच वेगवेगळं ठरवून घ्या.

* * *

मट्टनचेरीला कायीस हॉटेलची मटण बिर्याणी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका! आपल्यासारखा लांब बासमती नाही, बारका कैमा तांदूळ असतो. मसाला सौम्य, सोबत खजुराचं लोणचं. दुपारी उशिरा गेलात तर संपलेली असते.

* * *

शाकाहारी बाबांसाठी : सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला) आणि काळ्या चण्यांची कडला करी, किंवा अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू. जेवणात लालसर, जाड मट्टा भात येतो. सवय नसेल तर पांढरा मागा, बहुतेक ठिकाणी देतात. संध्याकाळी चहाबरोबर पळमपोरी, म्हणजे पिकलेल्या नेंद्र केळ्याची भजी. गरमच खायची. मट्टनचेरीत गुजराती वस्ती जुनी आहे, त्यामुळे फरसाण-मिठाईचीही सोय होते.

* * *

मी मालवणची. मट्टनचेरीत चेरलाईला तिरुमल देवस्वमच्या देवळाजवळ दोन आजी बोलत होत्या आणि मला निम्मंअधिक समजत होतं! पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, त्यांची कोकणी अजून घरात बोलली जाते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’चे बारा खंड करवले (१६७८ ते १६९३). त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्या तीन वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीतल्या कोकणीत छापलंय. आपल्याकडच्या कुठल्याच सहल कंपनीच्या यादीत ही वस्ती का नसते, कळत नाही. देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं.

* * *

वारांकडे लक्ष द्या. परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८) शनिवारी बंद, डच पॅलेस शुक्रवारी बंद. सिनेगॉगच्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत, नक्षी निरखून बघा. पॅलेस मुळात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला. राजाच्या शयनगृहातली रामायणाची भित्तिचित्रं हेच तिथलं खरं वैभव. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, अवशेष पुढे पोर्तुगालला नेले. तिथे दहा मिनिटं पुरतात.

* * *

कथकली बघणार असाल तर प्रयोगाच्या तासभर आधी जा, रंगभूषा समोर बसून बघता येते. नट डोळ्यांत एक बारीक बी ठेवतात, त्याने डोळे लालबुंद होतात. माझा मुलगा खेळापेक्षा त्यातच जास्त रमला.

* * *

सगळ्यांचे आभार! शुक्रवार-शनिवार सोडून मट्टनचेरीचा दिवस ठरवतो. आईला फार चालवत नाही, तिथे रिक्षा मिळते का?

* * *

हवी तेवढी मिळते. फक्त बसतानाच सांगा की मसाल्याच्या दुकानात थांबायचं नाही, नाहीतर वाटेत दोन-तीन दुकानं होतात. मिरी-वेलची घ्यायचीच असेल तर ज्यू टाउनमध्ये स्वतः फिरून, वास घेऊन घ्या.