मदत हवी आहे : अकरावीच्या मानसशास्त्रासाठी मराठीतून मार्गदर्शन

नमस्कार. माझी मुलगी सोलापुरात कला शाखेत अकरावीला असून तिने हौसेने मानसशास्त्र घेतले आहे. मात्र महाविद्यालयात या विषयाला नियमित शिक्षक नसल्यामुळे बरेचसे ती स्वतःच वाचते. जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, इथवर पाठांतराने भागते, पण ‘अभिजात अभिसंधान’ (म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की पहिलीच्या खुणेनेच दुसरीला द्यायचा प्रतिसाद देऊ लागणे) आले की गाडी अडते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगातला, अन्नाची खूण मिळताच लाळ गाळणारा कुत्रा तिला अखेर आमच्या मांजरावरून कळला, कारण दुधाच्या पातेल्याचे झाकण वाजताच ते ओट्याखाली हजर होते. (शेजारी मात्र ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ असेच विचारतात.) विजापूर रोड किंवा सात रस्ता परिसरात हा विषय मराठीतून समजावणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. जुन्या वह्या मिळाल्या तरी चालतील. वापरून परत करू.