फायटर खरंच मागे पडतो, की डीएम त्याला मागे पाडतो?

कट्यार

आमच्या गटाचं नवं कॅम्पेन सुरू होतंय. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा कल्पनेचा खेळ; पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. गोष्ट आणि शत्रू चालवणारा तो डीएम. पाचपैकी तिघांना विझर्ड नाहीतर सॉर्सरर, म्हणजे जादूगाराचा क्लास हवाय. तलवारबाज फायटरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "तो काय, नुसता 'मी मारतो' म्हणत बसतो." हिशेब कुणी करत नाही. म्हणून मीच केला.

लेव्हल ५. फायटरकडे दोन हाती तलवार, स्ट्रेंग्थ १८, राऊंडला दोन वार. समोरच्याचा एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १५ असेल तर वारामागे, क्रिट (फाशावर २० आल्यावरचा जादा मार) धरून, साडेसात डॅमेज. राऊंडला १५. विझर्डचा फायरबॉल ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. सेव्ह करणाऱ्यांना, म्हणजे फासा टाकून बचावणाऱ्यांना, निम्माच मार, तेव्हा माणशी २२.४ धरा. तीन शत्रू सापडले तर ६७.

दिवसभरात चार राऊंडची एकच लढाई झाली तर फायटरचे ६० आणि अ‍ॅक्शन सर्जचे (विश्रांतीमागे एकदा मिळणाऱ्या जादा हल्ल्याचे) १५, एकूण ७५. विझर्ड दोन फायरबॉल टाकतो, दोन राऊंड फायरबोल्ट (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल, म्हणजे मंत्र) मारतो आणि दीडशेला पोचतो. दुप्पट. इथवर सगळ्यांचं म्हणणं मान्य.

आता डीएमच्या पुस्तकात लिहिलाय तसा दिवस खेळा: मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया, अधेमधे दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांत्या). सहाच धरू, म्हणजे २४ राऊंड. फायटरचे ३६०, तीन अ‍ॅक्शन सर्जचे ४५, एकूण ४०५. विझर्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मोठे स्पेल टाकायची दिवसाची शिल्लक) दोन, शॉर्ट रेस्टमध्ये आर्केन रिकव्हरीने परत मिळणारा तिसरा. तीन फायरबॉलचे २०१, उरलेल्या २१ राऊंडच्या फायरबोल्टचे १६२. एकूण ३६३. खालचे स्लॉट शील्ड आणि मिस्टी स्टेप या बचावाच्या स्पेलमध्ये जातात असं धरलंय, आणि कुठलाही विझर्ड तसंच करतो.

तेव्हा क्लासला नावं ठेवू नका. दिवसाला एकच लढाई ठेवणाऱ्या डीएमला ठेवा.

मंतरलेला

हिशेब चोख, पण विझर्डला तुम्ही तोफखान्यात भरती केलंय. खरा विझर्ड डॅमेजच्या नादी लागत नाही.

समोर चार ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आहेत समजा. प्रत्येकी ५९ हिट पॉइंट (तेवढा मार खाल्ला की आडवा), विज्डम ७. हिप्नॉटिक पॅटर्न हा भुलवणारा स्पेल टाकला. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५ असेल तर कमी विज्डममुळे ओगरला फाशावर १७ किंवा वर लागतात, म्हणजे पाचातले चार अडकणार. चारपैकी तीन ओगर तोंड उघडं टाकून बघत बसले. १७७ हिट पॉइंट एका अ‍ॅक्शनमध्ये लढाईबाहेर! ओगरचा एसी जेमतेम ११, तरी तुमच्या फायटरला तेवढं मारायला नऊ राऊंड लागतील. राहिलेला एक ओगर पार्टी मिळून लोळवते, मग बाकीच्यांकडे एकेक करून वळते. तुमच्या हिशेबात या स्पेलची नोंद शून्य डॅमेज अशी होईल.

कट्यार

आणि त्या तिघांना "एकेक करून" मारतं कोण? विझर्डची काठी?

शिवाय कॉन्सन्ट्रेशन विसरलात: असा स्पेल चालू ठेवायला लक्ष टिकावं लागतं, आणि फटका बसला की त्यासाठी सेव्ह. चौथा ओगर मोकळा आहे, त्याच्याकडे भाला आहे, तो फेकता येतो. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२ असलेला विझर्ड प्रत्येक फटक्याला ३५ टक्के वेळा सेव्ह चुकणार. चुकला की तिन्ही ओगर एकदम जागे. तो भाला विझर्डपर्यंत पोचू नये म्हणून जो मध्ये उभा असतो त्याला फायटर म्हणतात.

खवचट

मध्ये उभा राहतो म्हणे. लेव्हल ५ला दोघांचं कॉन्स्टिट्यूशन सारखं असेल तर फायटरचे हिट पॉइंट ४४, विझर्डचे ३२. ओगरचा फटका सरासरी १३. म्हणजे विझर्ड तीन फटक्यांत आडवा, फायटर चार. एका फटक्याची श्रीमंती.

एसीचं तर बोलायलाच नको. दीड हजार सोन्याच्या नाण्यांचं प्लेट चिलखत घातलं की १८. मेज आर्मर हा स्पेल टाकलेला विझर्ड १५वर असतो, आणि शील्ड म्हटलं की पुढच्या पाळीपर्यंत २०. तेही झग्यात.

रोगट

मी रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारा चोर, खेळतो, दोन्ही पक्षांपासून लांब आणि शक्यतो सावलीत. पण कट्यारराव, "मध्ये उभा असतो" हे वाक्य नियमांच्या पुस्तकात घेऊन जा आणि बघा काय होतं.

आपल्याकडे फायटर म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात घोडखिंड येते. १६६०, बाजीप्रभू, मूठभर माणसं आणि चिंचोळी वाट. नव्या खेळाडूला कॅरेक्टर बनवायला बसवा, दहा मिनिटांत तो म्हणतो, मला खिंड लढवणारा हवाय. आपण त्याला फायटर घ्यायला लावतो. मग पहिल्या लढाईत काय होतं? वाट दहा फूट रुंद. आठ गॉब्लिन धावत येतात. फायटरच्या शेजारची पाच फूट जागा मोकळी आहे, तिथून ते सरळ निघून जातात. शेजारून निसटणाऱ्यावर वार करायला फायटरला राऊंडला रिअ‍ॅक्शन एकच. एका गॉब्लिनवर वार होतो, बाकीचे सात मागे जाऊन विझर्डला भोसकतात. वार लागला आणि तो गॉब्लिन जगला तरी थांबत नाही, कारण वाराने कुणी थांबतो असं नियमात कुठे म्हटलेलंच नाही. त्यासाठी सेंटिनल ही फीट (जादा कसब) लागते, ती 'व्हेरियंट ह्युमन' ही मानवजात घेतली नसेल तर फायटरला लेव्हल ४च्या आधी मिळत नाही, आणि तीही थांबवते त्या एकालाच.

तीच वाट विझर्डने वेब हा जाळ्याचा स्पेल टाकून बुजवली तर २० फुटांचा चौकोन चिकट होतो. दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट.

म्हणजे ज्या एका कामासाठी माणूस फायटर घेतो, तेच काम विझर्ड जास्त चांगलं करतो. तुमचे ४०५ असोत की ८०५, माझी तक्रार ही आहे.

कट्यार

वाट पाच फुटांची असेल तर? तिथे फायटर उभा राहिला की कुणी जात नाही. नकाशा डीएम काढतो. पुन्हा तिथेच आलो.

रोगट

पाच फुटांच्या वाटेत कोंबडी उभी केली तरी वाट अडते.

एडिसनकर

न्यू जर्सीतून शनिवारी सकाळी डीएमगिरी करतो. तिकडे पुण्यात संध्याकाळ असते, निम्मी पार्टी तिथून जोडलेली. डीएमला शिव्या घालताय म्हणून लिहितोय.

तीन तासांच्या बैठकीत सहा लढाया? एकेक लढाई तासभर चालते. कुणाचा माइक बंद, कुणाला जेवायला हाक, आणि विझर्डवाला स्वतःची पाळी आल्यावर स्पेल वाचायला घेतो. (यावर वेगळा धागा काढायला हवा.) सहा लढायांचा एक दिवस म्हणजे आमचे दोन महिने.

मी पुस्तकातला पर्यायी नियम लावून पाहिला: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. त्याने कट्यार म्हणतात तसं थोडं झालंही. विझर्ड स्लॉट जपून वापरायला लागला. पण आधी कोलमडला तो फायटर. वार अमर्याद आहेत, हिट पॉइंट नाहीत. ४४ हिट पॉइंट, पाच हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट भरून काढायचे फासे) आणि शॉर्ट रेस्टगणिक एक सेकंड विंड (लढता लढता थोडे हिट पॉइंट परत), एवढ्यावर सहा लढाया काढायच्या, आणि मार पहिला त्यालाच. चौथ्या लढाईनंतर "आता परत जाऊ" असं म्हणणारा आमचा फायटरच होता, विझर्डकडे तेव्हा तीन स्लॉट शिल्लक. त्या २४ राऊंडांच्या हिशेबात फायटर शेवटपर्यंत जिवंत आहे हे गृहीत धरलंय, ते कुणाच्या जिवावर? क्लेरिकच्या, म्हणजे बरं करणाऱ्या पुरोहिताच्या. म्हणजे पुन्हा स्लॉटच.

कट्यार

क्लेरिक पार्टीत असणारच. पार्टीचा खेळ आहे. विझर्डला वाचवायला फायटर चालतो, मग फायटरला उठवायला क्लेरिक का नको?

जुना खोड

पोराबाळांनो, हा असमतोल १९७४पासूनचा आहे, पण तेव्हा तो मुद्दाम ठेवलेला होता. या खेळाचे निर्माते गायगॅक्स आणि अर्नेसन यांच्या पहिल्या खेळात क्लास तीनच: फायटिंग-मॅन, मॅजिक-युजर, क्लेरिक. मॅजिक-युजरला सुरुवातीला दिवसाला एक स्पेल, तो टाकला की मशाल धरायची. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत त्याचा हिट डाय चार बाजूंचा, म्हणजे हिट पॉइंट मोजकेच, आणि स्पेल म्हणताना फटका बसला तर स्पेल वाया. बहुतेक जण मोठे होण्याआधीच मरायचे. जो जगला त्याने डोंगर हलवावेत, हा सौदा होता. फायटरला त्याच वेळी नवव्या लेव्हलला गढी आणि पदरी माणसं मिळायची. म्हणजे तो नुसता तलवारबाज राहत नव्हता, सरदार व्हायचा.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीने मॅजिक-युजरचे हाल संपवले आणि फायटरची गढी काढून घेतली. सौद्याची एक बाजू रद्द, दुसरी चालू. पाचवी आवृत्ती त्याचीच नात.

आणि २००८ची चौथी विसरू नका. तिथे फायटर शत्रूवर खूण करून त्याला खरोखर अडवायचा. रोगटला हवी ती खिंड तिथे होती. लोकांनी काय केलं? "सगळे क्लास सारखेच वाटतात" म्हणून बोंब मारली आणि निघून गेले.

मंतरलेला

जुना खोड यांना +१. आता पुढची लेव्हल बघा. लेव्हल ९, वॉल ऑफ फोर्स, अदृश्य भिंतीचा स्पेल. सेव्ह नाही. मारून फुटत नाही. सहा शत्रू असतील तर तीन इकडे, तीन तिकडे. एक लढाई दोन सोप्या लढायांत वाटून टाकली. फायटरला त्याच लेव्हलला मिळतं इन्डॉमिटेबल: चुकलेला सेव्ह दिवसातून एकदा पुन्हा टाकायचा. विज्डम १० असेल तर तो पुन्हा चुकतो.

नवा भिडू

मी बाल्डर्स गेट ३ या, याच नियमांवरच्या व्हिडिओ गेमवरून इकडे आलोय. त्यात माझा फायटर लेव्हल ११ नंतर सगळ्यांना चिरडत होता. इथे सगळे त्याला बिचारा का म्हणताय?

खवचट

कारण तिथे हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) घेतला की पूर्ण अ‍ॅक्शन मिळते, म्हणजे आणखी तीन वार. टेबलावर हेस्टचा एकच जादा वार. आणि तो गेम लेव्हल १२ला संपतो. विझर्डची खरी मस्ती सुरू व्हायच्या आत पडदा.

कट्यार

हेच तर म्हणतोय मी! किती कॅम्पेन लेव्हल १२च्या पुढे जातात? आपल्या ओळखीतली मोजा. बहुतेक सात-आठला कुणाची बदली, कुणाचं लग्न, आणि संपलं. लेव्हल १७च्या विश या हवं ते घडवणाऱ्या स्पेलवरून लेव्हल ५च्या फायटरला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे?

बरं, २०२४च्या नव्या पुस्तकात तुमच्या निम्म्या तक्रारी संपल्यात. वेपन मास्टरीने फायटर वारासोबत आडवं पाडतो, ढकलतो, वेग कमी करतो. इन्डॉमिटेबलच्या फेकीत आता फायटरची लेव्हल मिळवायची, म्हणजे नवव्या लेव्हलला +९. मंतरलेला यांचं विज्डम १०चं रडगाणं तिथेच बंद.

रोगट

गॉब्लिन आडवा पाडला तर तो माझ्या फार कामाचा, हे कबूल. पण ज्याला वार बसलाच नाही तो गॉब्लिन अजूनही शेजारून जातोय.

नवा भिडू

तुमचं चालू द्या. मला रविवारपर्यंत क्लास कळवायचाय. पार्टीत एक विझर्ड, एक ड्रुइड, एक बार्ड आहे. डीएम म्हणतो लेव्हल ३ ते ८, २०१४चे नियम. काय घेऊ?

कट्यार

फायटर. तिघेही कॉन्सन्ट्रेशनवाले, पुढे कुणीच नाही. फीटमध्ये पोलआर्म मास्टर आधी, सेंटिनल नंतर, हातात ग्लेव्ह, लांब दांड्याचं शस्त्र. दहा फुटांच्या टप्प्यात शिरणाऱ्या पहिल्याला तिथेच खिळवशील.

मंतरलेला

पॅलाडिन, म्हणजे थोडी जादू येणारा योद्धा, घ्या. वार तेवढेच, वर लेव्हल ६ला दहा फुटांतल्या सगळ्यांच्या सेव्हमध्ये तुमचा करिश्मा मिळतो. त्या विझर्डचा कॉन्सन्ट्रेशन सेव्हही त्यात आला.

एडिसनकर

डीएमला आधी विचारा, दिवसाला लढाया किती असतात. दोनपेक्षा कमी म्हणाला तर पॅलाडिन, सगळे स्माइट (स्लॉट खर्चून मारलेले जोरदार वार) एकाच बैठकीत उधळता येतात. चारच्या वर म्हणाला तर फायटर घ्या, आणि बार्डला हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल घ्यायला लावा.

नवा भिडू

विचारलं. म्हणाला, "बघू, तुम्ही किती बडबड करता त्यावर आहे."