साउथ कायबाब ट्रेलवर पंखाला नंबर लावलेलं गिधाड: कंडोरच का?

म्हसळेकर_चँडलर:
रविवारी आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यनला गेलो होतो. आई वरच बसली, "जा उतरा, चढताना रडू नका" म्हणून. बाबा आणि मी सीडर रिजपर्यंत उतरलो. तिथे दाणे-गूळ खात होतो (खाऊ काढला की खारी अंगावर येतात, जपून) तर डोक्यावरून सर्रकन काहीतरी गेलं. मला वाटलं ड्रोन. बाबा वर न बघताच म्हणाले, "गिधाड रे."

ते आमच्याही खाली उतरून वळलं तेव्हा पाठ दिसली. काळीकुट्ट, दोन्ही पंखांवर बिल्ले, आणि वळताना पंख जरासुद्धा हलवला नाही. आमच्या चँडलरला (ॲरिझोना) टर्की व्हल्चर, म्हणजे इथलं नेहमीचं गिधाड, रोज बघतो, पण हे धूड वेगळंच. अडतंय ते डोक्यापाशी. फोटोंत कंडोरचं (अमेरिकेतलं ते अवाढव्य गिधाड) डोकं केशरी-गुलाबी असतं, याचं काळसर होतं. मोबाइलच्या फोटोत बिल्ल्यावरचा ५ वाचता येतो, पुढचा आकडा पिसाखाली गेलाय. कुठे कळवायचं असतं का?

पाणकावळा:
कंडोरच, अभिनंदन! काळं डोकं म्हणजे पोर आहे अजून, रंग यायला पाच-सहा वर्षं लागतात. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्हीसारखे धरून डुगडुगत उडतं, कंडोर सपाट. खालून बघाल तर कंडोरच्या पंखाचा पांढरा पट्टा पुढच्या कडेला, टर्कीचा रुपेरी भाग मागे. रेंजरला सांगा. बिल्ल्याचा रंगही कळवा, नुसत्या आकड्यावर भागत नाही.

रिमवरचा_चहावाला:
साउथ रिमला (कॅन्यनच्या दक्षिण काठाला) उन्हाळ्यात बऱ्याच जणांना दिसतात, त्यामुळे लॉटरी वगैरे नाही हं. पण १९८७ मध्ये जात वाचवायला रानातला शेवटचा कंडोरही पकडून नेला तेव्हा जगात २७ उरले होते. ॲरिझोनात १९९६ पासून व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यांवरून पिंजऱ्यात वाढवलेले सोडतात. २०२३ च्या बर्ड फ्लूत इथल्या थव्यातले २१ गेले. एका वेळी एकच अंडं, तेही बहुधा वर्षाआड, मग भरून निघणार कसं?

म्हसळेकर_चँडलर:
धन्यवाद! बाबा विचारताहेत, एवढे कमी झालेच कसे? आमच्या म्हसळ्याला मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडांची झुंबड उडायची, ती गिधाडं बाबांच्या डोळ्यांदेखत संपली.

पाणकावळा:
काकांना सांगा, दोन्हीकडे विष खाण्यातूनच गेलं. इथे शिसं: शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतात, त्यात गोळीचे बारीक तुकडे असतात. म्हणून कंडोर पकडून रक्त तपासतात, शिसं फार असेल तर औषध देऊन पुन्हा सोडतात. आपल्याकडे गुरांना टोचायचं डायक्लोफिनॅक, हे दुखण्यावरचं औषध. त्याने गिधाडांची किडनी जाते हे पाकिस्तानात शोधलं गेलं, २००४ मध्ये छापून आलं. त्या कामात पेरेग्रिन फंड होता, म्हणजे तुमचा कंडोर सोडणारीच संस्था. २००६ मध्ये भारताने ते जनावरांसाठी बंद केलं.

म्हसळेकर_चँडलर:
हे बाबांना वाचून दाखवलं. "मग आमच्या गुरांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं होतं कुणीतरी," एवढंच म्हणाले. बिल्ला काळा वाटतोय, पण फोटो उन्हाकडे तोंड करून काढलाय. मूळ फोटो रेंजर ऑफिसला मेल करतो.