दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यूआय थ्रेड अडवणं कधी चालतं का?

रंकाळाकाठ
करवीर तालुक्यातल्या दूध संस्थांना मी संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. सी-शार्प भाषा आणि विंडोजवरच्या स्क्रीन बनवायचं विनफॉर्म्स. काल पहाटे सहाला एका संस्थेत उभा होतो. म्हशीच्या दुधाची किटली काट्यावर ठेवली, वजन आलं, फॅट लागली 7.2, कर्मचाऱ्यानं एंटर मारला आणि स्क्रीन गोठली. मागं रांग. तीन-चार सेकंदांनी सुटली तेव्हा एकाच किटलीच्या दोन नोंदी! नोंद, पावती आणि सभासदाला एसएमएस, तिन्ही मी बटणाच्या क्लिकमध्येच लिहिलेलं. एसएमएसचा सर्व्हर उत्तर देईना, यूआय थ्रेड, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी प्रोग्रॅममधली कामाची साखळी, तिथंच अडकला. वैतागून मारलेला दुसरा एंटर हरवत नाही, मेसेज रांगेत थांबतो आणि थ्रेड सुटला की लागू होतो. माझं मत ठाम झालंय : यूआय थ्रेडनं फक्त स्क्रीन सांभाळावी, बाकी सगळं मागच्या थ्रेडवर.

शिरोलीकर
पटत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी मी असंच 'मागं ढकललं' होतं. ऑपरेटरनं सेव्ह दाबलं, स्क्रीन मोकळी, म्हणून त्यानं लगेच पुढचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या पुढच्या वितळणीचा नंबर, टाकला. मागचा थ्रेड टेक्स्टबॉक्स वाचेपर्यंत नंबर बदललेला. आधीच्या हीटचं स्पेक्ट्रोचं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग पुढच्या हीटला चिकटलं. माझ्या मशीनवर डीबगर (चुका शोधायचं साधन) लावला की क्रॉस-थ्रेडचा एक्सेप्शन, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवरून स्क्रीनला हात लावल्याची एरर, लगेच येतो, पण डीबगर नसला की ही तपासणी मुळातच बंद असते. कारखान्यात कुणाला काही दिसलं नाही, मालाची तपासणी झाली तेव्हा कळलं. गोठलेली स्क्रीन निदान दिसते तरी.

रंकाळाकाठ
ती चूक कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवरची चौकट, मागच्या थ्रेडवरून वाचण्याची आहे. क्लिक झाल्या झाल्या चौकटीतले आकडे व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायचे आणि तेच मागं द्यायचे. आणि एकाच थ्रेडवर राहायचं म्हटलं तरी आपल्याला राहता येत नाही. काटा सीरियल पोर्टवर असतो आणि डेटारिसीव्हड इव्हेंट (काट्याकडून आकडा आल्याची सूचना) दुसऱ्याच थ्रेडवर येतो. वजन स्क्रीनवर दाखवायला बिगिनइन्व्होक लागतोच, तो यूआय थ्रेडकडे काम टाकतो आणि थांबत नाही. मी पूर्वी साधा इन्व्होक वापरायचो, तो काम होईपर्यंत थांबतो. फॉर्म बंद करताना यूआय थ्रेड पोर्ट बंद व्हायची वाट बघायचा, तो इव्हेंट यूआय थ्रेडची. टास्क मॅनेजरमधून मारावं लागायचं.

मसाई_पठार
अँड्रॉइडवर हा पर्यायच ठेवलेला नाही. 3.0 पासून, म्हणजे 2011 पासून, मेन थ्रेडवर (तिथला यूआय थ्रेड) नेटवर्क कॉल केला की एक्सेप्शन. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर नाही तर 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही'. 60 हर्ट्झच्या पडद्याला एका फ्रेमसाठी जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. विंडोजवाल्यांनीही तीच शिस्त लावून घ्यावी.

शिरोलीकर
भावा, त्याच अँड्रॉइडनं आम्हाला काम मागच्या थ्रेडवर टाकायचा असिंकटास्क शिकवला आणि 2020 मध्ये अँड्रॉइड 11 ला तोच मोडीत काढला. फोन आडवा केला की त्याच्यामुळं जुनी अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची स्क्रीन) मेमरीत लटकून राहायची. एका माणसाच्या संस्थेचं सॉफ्टवेअर पुढं कोण सांभाळणार, हेही बघा.

गंगावेस_कट्टा
लूपमध्ये अधूनमधून डूइव्हेंट्स टाका की, रांगेतले क्लिक आणि मेसेज मधेच उरकतात. स्क्रीन हलती राहते.

शिरोलीकर
ते नको. चालू क्लिकच्या पोटातच दुसरा क्लिक सुरू होतो. इथं माझं आणि रंकाळाकाठचं एकमत असावं.

रंकाळाकाठ
शंभर टक्के. काल रात्री बदल केला : क्लिक झाला की बटण बंद, एंटरही बंद, आकडे उतरवले, नोंद अवेटनं (स्क्रीन न अडवता वाट बघत), ती पक्की झाली की पावती आणि बटण चालू. एसएमएस वेगळ्या रांगेत, तो दहा मिनिटांनी गेला तरी चालेल.

शिरोलीकर
म्हणजे नोंदीपुरता कर्मचारी थांबलाच! मी तेच म्हणतोय. एसएमएस मागं टाका, माझी हरकत नाही. पण नोंद डिस्कवर गेल्याशिवाय पुढची किटली काट्यावर चढू नये.

रंकाळाकाठ
थांबतो, पण स्क्रीन जिवंत असते. 'नोंद होत आहे' असं दिसतं, म्हणून तो दुसरा एंटर मारत नाही. आज सकाळी तिथंच उभा राहून बघितलं, दोन नोंदी एकदाही पडल्या नाहीत.