मदत हवी आहे : खांद्यावरचा एक तारा, हुद्दा कोणता?

पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ साली इटलीत. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडलाय. शेजारच्या गोऱ्याच्या बाहीवर व्ही-आकाराच्या तीन फित्या आहेत, टोकं वर. म्हणजे अमेरिकन सार्जंट असावा, ब्रिटिशांची टोकं खाली असतात. एवढं जमलं.

घोडं अडलंय पणजोबांच्या खांद्यावरच्या एका ताऱ्यापाशी. तेव्हा जमादारालाही (आताचा नायब सुभेदार) एक तारा असायचा, सेकंड लेफ्टनंट या सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यालाही एकच. (अमेरिकनांत एक तारा म्हणजे थेट ब्रिगेडियर जनरल! आजी तेच धरून बसलीय.) जमादाराच्या ताऱ्याखाली रंगीत फीत असायची, पण फोटो कृष्णधवल, त्यामुळे ती आहे की नाही ते नीट दिसत नाही.

युद्धकाळात दोस्तराष्ट्रांचे गणवेश-हुद्दे ओळखायला सचित्र पुस्तिका छापत. भारतीय सैन्याचं पान असलेली कुणाकडे आहे का? स्कॅन चालेल.